गणित कोपऱ्यातली सरकी

मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत मी पोरांना शंभरापर्यंत मोजायला शिकवलं ते कपाशीच्या बियांवर. त्या बिया खरं म्हणजे गावातल्या वावरांच्या कडेला पेरलेल्या असायला हव्या होत्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत झालं तेव्हा मी मूग गिळून बसलो. निवृत्तीच्या सत्कारात एकामागून एक लोक उठले आणि म्हणाले की गुरुजींनी पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं. शाल गळ्यात, नारळ हातात, आणि मला वाटत होतं की कोणीतरी हा माईक बंद करा रे बाप्पा. म्हणून एकदा काय ते सांगून टाकतो.

शाळा सातवीपर्यंत, मास्तर चार. गाव रोहिणखेडच्या रस्त्यानं आत, तीन बाजूंनी काळी जमीन आणि एका बाजूला नाला. मी तिथे बदलून गेलो तेव्हा ज्वारी जवळजवळ गेलेलीच होती. बोंडअळी मारणारं बीटी बियाणं आलं तशी पहिली काही वर्षं लोकांनी कपाशीशिवाय दुसरं नावच घेतलं नाही. फवारणी कमी झाली, बोंडं भरली, दारात मोटरसायकली आल्या. नंतरची वर्षं मात्र तशी राहिली नाहीत. बियाणं महाग, फवारणी परत सुरू, भावाचा ठिकाणा नाही. वेचणीच्या दिवसांत माझा वर्ग अर्धा रिकामा असायचा आणि जी पोरं यायची त्यांची नखं बोंडाच्या टरफलांनी फाटलेली असायची. तरी जूनमध्ये सगळे पुन्हा कपाशीच लावायचे. दुसरं काय लावावं हे सांगणारं कोणी नव्हतं.

त्या बियाण्याच्या पिशवीत एक लहान पुडी यायची. मोठ्या पाकिटात बीटी, लहान पुडीत साधी कपाशी. कंपनीच्या कागदावर तिला काहीतरी नाव होतं, गाव तिला 'फुकटची पुडी' म्हणायचं. पेरणीच्या दिवशी पिशवी दातानं फाडायची, मोठं पाकीट घ्यायचं आणि पुडी बांधावर भिरकावून द्यायची, असा सगळ्यांचा रिवाज. जणू खोक्यातला भुसाच. मीसुद्धा ती फेकायचीच वस्तू समजत होतो. खामगावच्या कारकुनाचा पोरगा मी, मला शेतीतलं काय कळतंय?

त्याच सुमारास वरून ज्ञानरचनावाद आला. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मास्तरनं आता शिकवायचं नाही, तो फक्त सुलभक. मूल स्वतःच्या ज्ञानाची रचना स्वतः करतं. हे खरंच आहे. माझा त्याला विरोध कधीच नव्हता, आजही नाही. उलट पहिल्या दिवशी मी भारावलोच. आयुष्यभर पाढे घोकून घेणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं की पोरांना विचार करू द्या, तर त्याला दार उघडल्यासारखं वाटणारच. पण मूल ज्ञान रचून मोकळं झालं की ते घेऊन गावात कुठे उभं राहायचं, हे कोणत्याच पुस्तिकेत नव्हतं. एका मास्तरनं भीत भीत विचारलं की ही पद्धत आणताना आम्हाला कोणी विचारलं का, तर त्याला विषयांतर करू नका म्हणून बसवलं गेलं. चिकित्सक विचार या विषयावरचं सत्र होतं ते.

आणि पैसा? एक दमडी नाही. लोकसहभागातून करा म्हणाले. सुधारणा सरकारची आणि झोळी मास्तरच्या खांद्यावर. गावात ज्याच्याकडे देण्यासारखं होतं असा माणूस एकच, कृषी केंद्राचा मालक. बियाणं, खत, औषध, सगळं त्याच्याच दुकानात. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही तोच. मी झोळी घेऊन त्याच्याकडे गेलो आणि त्यानं कुरकुर न करता फरशा रंगवून दिल्या, प्रोजेक्टर घेऊन दिला, नळ बसवला. माणूस वाईट नव्हता. दर गुरुवारी शेगावला जाऊन यायचा आणि येताना पोरांसाठी पेढे आणायचा. मी त्याचे पेढे खाल्लेत, तेव्हा उगाच त्याला राक्षस करून मला मोकळं होता येणार नाही.

पहिली-दुसरीला मोजायला साहित्य पाहिजे होतं. इतर शाळांत चिंचोके होते, गोट्या होत्या. मला सुचलं की ती फुकटची पुडी गोळा करावी. पोरांना सांगितलं, बांधाबांधावरून पुड्या आणा. पेरणी नुकतीच झाली होती. आठवडाभरात पोतं भरलं. बियांना औषधाचा लाल रंग होता, म्हणून तीन-तीन पाण्यांनी धुतल्या, वाळवल्या, दहादहाच्या पुरचुंड्या बांधल्या. वर्गाच्या कोपऱ्यात डबे मांडले आणि वर पाटी लावली, गणित कोपरा. आसपासच्या शाळांचे मास्तर बघायला आले. तालुक्याच्या ग्रुपवर फोटो फिरला. टाकाऊतून टिकाऊ म्हणून माझी पाठ थोपटली गेली, आणि मी ती थोपटून घेतली.

सातवीत एक मुलगी होती. बाप पिंजारी. गाद्या-रजया भरायचा धंदा, कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घेऊन पंचक्रोशीत फिरायचा, आणि जोडीला तीन एकर कपाशी. पोरगी किडकिडीत, वेणी कायम सुटलेली, आणि तोंडात एकच शब्द, काऊन. सर, नाल्याले फेस काऊन येते? सर, पुस्तकातल्या पोरीचं घर सिमेंटचं काऊन? सर, रविवारी पोषण आहार काऊन नाई, त्या दिवशी भूक नसते का? शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या की हिला एकदा दम द्या. मी म्हणायचो, विचारू द्या. खरं सांगतो, तिच्यामुळे मला रोज शाळेत जावंसं वाटायचं. घरून निघताना मी तिच्यासाठी तयारी करून निघायचो, निम्म्या वेळा तरी हरायचो, आणि हरण्यात मजा होती.

एके दिवशी ती गणित कोपऱ्यात न धुता राहिलेली एक पुडी फोडून घेऊन आली. आत घडी केलेला कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा. तिनं तो दोन दिवस घरी नेऊन वाचला होता. मग वर्गात सगळ्यांसमोर विचारलं की फेकायचीच असती तर कंपनीनं एवढी अक्षरं काऊन छापली असती?

म्हटलं, उद्या सांगतो. कागद घरी नेला, चष्मा लावून वाचला, ओळखीच्या एका कृषी सहायकाला फोन करून विचारलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. बीटीच्या झाडावर अळी मरते. तरी एखादी वाचतेच. वावराच्या कडेला साध्या कपाशीच्या चार-पाच ओळी असल्या तर तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात, ते या वाचलेल्यांशी जुळतात आणि पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरणारी निपजते. कड नसली तर वाचलेल्यांचं वाचलेल्यांशीच जुळतं, आणि एक दिवस अळी बीटीला भिईनाशी होते.

पोरगी उठून फळ्यावरच्या त्या कडेपाशी आली. मग म्हणाली, "म्हंजे सर, आपन मोजून राह्यलो थ्या बिया वावराच्या कडंच्या हायेत?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण नजर कोपऱ्यातल्या डब्यांवर गेली. पोतंभर बिया मी स्वतः गोळा केल्या होत्या. मी नसत्या केल्या तरी त्या बांधावरच पडून राहिल्या असत्या, हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय. खरंही आहे. तरी अंगातून जात नाही.

त्यानंतर जे झालं ते सगळं तिचं. मी फक्त वही दिली. दोन मैत्रिणी घेऊन ती शाळा सुटल्यावर घरोघर गेली आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या: कडेला साधी कपाशी लावली का, आणि नसेल लावली तर काऊन. लोकांनी कौतुकानं उत्तरं दिली. कोणीच लावली नव्हती. एकाही घरानं नाही, तिच्या बापानंही नाही. आणि काऊनचं उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच आलं: दुकानात सांगतलं का हे फेकून द्या, याले बोंड लागत नाई, जागा अडते. तिनं हे सगळं तक्त्यावर मांडलं. वर वावराचं चित्र, कड हिरव्या रेघेनं आखलेली आणि आत रिकामी. खाली घरांच्या रांगा. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुकानदाराने असे का सांगितले असेल?'

गावात दुकान एकच.

आता आठवीचं सांगतो, कारण सगळं तिथे येऊन अडलं. आठवी मोठ्या गावात होती, सात किलोमीटरवर. पोरं सायकलीनं जायची. पोरी नाही. कोणत्याही आळीतली, कोणत्याही घरातली पोरगी सातवीनंतर एस.टी.नं गेलेली मी त्या गावात पाहिली नव्हती. सातवी झाली की वेचणी, निंदणी, आणि दोन-तीन वर्षांत लग्न. मी पिंजाऱ्याकडे तिच्यासाठी बोलायला गेलो तेव्हा तो रजईला टाके घालत होता. मान वर न करता म्हणाला की पोरीचं डोकं चालते हे मलेबी समजते, गावात आठवी झाली तर शिकवतो, दहावीपर्यंत झाली तर दहावी. गाडीनं नाही पाठवणार. मी वाद घातला, तो ऐकून घेत राहिला आणि टाके घालत राहिला. म्हणजे आठवीचा वर्ग गावात आला तर ती शिकेल, नाही आला तर जूनमध्ये तिच्या हातात खुरपं येईल. इतकं सरळ होतं ते. तिच्यासारख्या अजून आठ पोरी होत्या.

वर्ग मागायला खोली पाहिजे होती. शाळेकडे नव्हती. अध्यक्षाचं जुनं गोदाम शाळेच्या भिंतीला लागून होतं, ते द्यायला तो तयार झाला होता. वरून एक पथक येणार होतं. शाळा खरंच प्रगत आहे का ते पाहणार, पोरांशी बोलणार, आणि मग आठवीची शिफारस करणार. पोरं चिकित्सक विचार करतात का, हे त्यांना विशेष पाहायचं होतं. मला वाटलं, देवच पावला. माझ्याकडे दाखवायला अख्ख्या जिल्ह्यात नसेल अशी वस्तू होती.

पथक यायच्या चार दिवस आधी अध्यक्ष शाळेत आला. भिंतीवरचा तक्ता त्यानं पूर्ण वाचला, कमरेवर हात ठेवून, सावकाश. मग खुर्ची ओढून बसला. ओरडला नाही. म्हणाला की मी स्वतःच्या वावरातसुद्धा ती पुडी फेकतो, मला कंपनीच्या माणसानं जे सांगितलं तेच मी लोकांना सांगितलं, यात माझं पाप काय? मी म्हटलं, पाप कोणी म्हणत नाहीये, पोरीनं फक्त विचारलंय. तो हसला.

"सर, इचारणं अन् बोट दाखवणं यात फरक राह्यते. उद्या गोदाम देऊन मी याच भिंतीवर माह्यी बदनामी वाचू का?"

एवढं बोलून तो गेला. धमकी म्हणावी तर धमकी नाही. नळाचं पाणी गळत होतं ते त्यानं जाताना स्वतः बंद केलं.

मी दोन दिवस स्वतःशी भांडलो. बायकोला विचारलं तर ती म्हणाली की तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवूनच विचारता. बरोबर होतं तिचं. शाळेनं ज्याचं मीठ खाल्लं त्याला भिंतीवर टांगायचं कसं, हा एक हिशेब. एका तक्त्यासाठी नऊ पोरींची आठवी घालवायची का, हा दुसरा. आणि तिसरा, जो मी तेव्हा स्वतःलाही सांगितला नाही: पथकासमोर गडबड झाली असती तर माझी बदली मेळघाटच्या पायथ्याशी झाली असती आणि माझं वय पन्नाशीला टेकलं होतं. तिन्ही हिशेबांचं उत्तर एकच आलं. अशा वेळी गणित फार पटकन सुटतं.

तिला मी मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, तक्ता आपण यावेळी नको ठेवू, तू जलचक्र सांग. तिनं विचारलं, चुकलं का काही? मी म्हटलं, काहीच चुकलं नाही. मग? मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, म्हणून मी फळा पुसायला लागलो, जो आधीच पुसलेला होता.

"गावात आठवी पाहिजे ना तुला?" मी म्हटलं. "मग आत्ता याबद्दल काही बोलू नको. मोठ्या कामासाठी कधीकधी गप्प बसावं लागतं."

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. अजून काही स्पष्टीकरण येईल असं तिला वाटलं असावं. मग 'हाव' म्हणून मान डोलावली आणि स्वतःच तक्ता काढून, गुंडाळून, कपाटामागे ठेवून आली. त्या दिवशी तिनं दुसरा कोणताही प्रश्न विचारला नाही.

पुढचे दोन दिवस मी जे केलं त्याची मला आजही किळस येते. प्रश्नच बसवले. चिठ्ठ्यांवर लिहून वाटले, कोणी कधी हात वर करायचा, कोणी उत्स्फूर्तपणे काय विचारायचं. पोरं हुशार, एकेकानं आपापला उत्स्फूर्त प्रश्न पाठ केला. पथक आलं, रंगवलेल्या फरशीवरून बूट काढून चाललं, गणित कोपऱ्यात उभं राहिलं. प्रमुख साहेबांनी एक पुरचुंडी उचलून बिया तळहातावर ओतल्या आणि म्हणाले, वा, स्थानिक साहित्य. मी मान डोलावली. अध्यक्ष शेजारीच उभा होता, त्यानंही डोलावली.

पोरीनं जलचक्र एका श्वासात सांगितलं. बाष्पीभवन, सांद्रीभवन, सगळं. साहेब खूश झाले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुझ्या मनात काही प्रश्न असेल तर विचार बाळ, कोणताही विचार. हे चिठ्ठीत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. अगदी थोडीशी, कोणाला दिसणार नाही इतकी. ती साहेबांकडे वळून म्हणाली की नाही सर, आम्हाला सगळं समजलं.

शाळा प्रगत ठरली. जूनमध्ये आठवी सुरू झाली. गोदामात चुना मारला तरी औषधांचा उग्र वास जात नव्हता. पावसाळी दिवसांत पोरींची डोकी दुखायची, पण नऊच्या नऊ पोरी पाटावर बसलेल्या पाहिल्या की मला वाटायचं, झालं ते बरंच झालं. पिंजाऱ्यानं वर्गासाठी जुन्या कापडाची एक लांब सतरंजी शिवून दिली. तो मला रस्त्यात थांबवून हात जोडायचा. मला आवडायचं ते. मी नाही म्हणणार नाही.

पोरगी वर्गात पहिली यायला लागली. वेणी घट्ट, अक्षर सुरेख, वही म्हणजे छापलेलं पुस्तक. शेजारच्या बाई म्हणाल्या, बघा कशी सुधारली. मी स्वतःची समजूत घातली की पोरी मोठ्या झाल्या की अबोल होतातच. पण मला आतून ठाऊक होतं, म्हणून एकदा मी मुद्दाम फळ्यावर चूक केली. वजाबाकीत उसनं घेतलं आणि परत केलंच नाही, चौथीच्या पोरानं पकडावी अशी चूक. तिचा पेन थांबला. तिनं फळ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे पाहिलं. तिला दिसलं होतं, हे मला दिसलं. मग तिनं तीच चूक सुंदर अक्षरात उतरवून घेतली. मी फळा पुसला आणि तास आवरता घेतला.

त्याच साली गुलाबी अळी आली. दिवाळीपर्यंत वावरं हिरवीगार, बोंडं टपोरी, लोक खुशीत. बोंड फोडलं की आत किडकी सरकी, पिवळा पडलेला कापूस आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. एकाचं नाही, सगळ्यांचं. लोकांनी उभ्या कपाशीत जनावरं सोडली. जो कापूस निघाला तो कवडी, म्हणजे पिवळा, गाठी-गाठी झालेला. पिंजाऱ्यानं तीन एकरातला तो डागाळलेला कापूस आपल्याच रजयांत भरायला ठेवला, पण त्या वर्षी रजई भरून घ्यायला कोणाच्या हातात काही नव्हतं. तो धनुकली भिंतीला टांगून घरी बसून राहिला.

पंचनाम्याआधी सभा झाली, आमच्याच शाळेत, प्रोजेक्टरच्या खोलीत. कृषी खात्याचा एक तरुण अधिकारी आला होता. आठवीच्या पोरींना पाणी द्यायला मागे उभं केलं होतं, मी दाराशी. लोक एकच विचारत होते, बीटी असून अळी आलीच काऊन? अधिकाऱ्यानं उलट विचारलं की कडेला साधी कपाशी कोणी लावली होती का, पिशवीत पुडी येते ती. मग अध्यक्ष उठला. त्याचाही कापूस गेला होता, चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला की साहेब, असं काही करायचं असते हे आजपर्यंत आम्हाला कोणी सांगतलंच नाही. लोक म्हणाले, हाव, कोणी सांगतलं नाही.

कपाटामागचा तक्ता माझ्यापासून दहा पावलांवर होता. मी पोरीकडे पाहिलं. ती हातात पेला धरून जमिनीकडे बघत होती. मीही काही बोललो नाही. सभा संपल्यावर पिंजारी माझ्याजवळ आला. पोरगी त्याच्या मागेच होती. तो रागात नव्हता, खरंच विचारत होता.

"सर, तुमी तं शिकेल मानूस. पोरांले शिकवता. हे काऊन झालं असन?"

मी म्हणालो, निसर्गापुढे कोणाचं चालतंय. हे वाक्य मी त्याच्या पोरीसमोर बोललो. त्यानं मान डोलावली, खरं आहे म्हणाला आणि गेला. ती त्याच्या मागोमाग गेली, एकदाही वळून न बघता.

दुसऱ्या दिवशी मी लवकर शाळेत गेलो. ती झाडायला लवकर यायची हे मला माहीत होतं. गोदामात ती एकटीच होती. रात्रभर जे मनात घोळत होतं ते मी तिच्यावर काढलं, म्हणजे स्वतःवर काढायचं ते तिच्यावर. म्हटलं, तुला तर सगळं ठाऊक होतं. गावात कोणाला नव्हतं इतकं ठाऊक होतं. तुझ्या बापाचं वावर गेलं, भरल्या सभेत ते म्हणाले की कोणी सांगितलं नाही, आणि तू पेला धरून उभी राहिलीस. का बोलली नाहीस?

तिनं झाडू भिंतीला टेकवला. रडली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

"तुमी सांगतलं नाई, सर," ती म्हणाली.

मग जागेवर जाऊन बसली, वही उघडली, वर तारीख टाकली, आणि मी काय सांगतो ते लिहून घ्यायला पेन धरून माझ्याकडे पाहू लागली.